लाल डब्यातून जलाशयाकाठी : एसटीने गाठता येणाऱ्या रानवाटा

स्वतःच्या मोटारीने डोंगराच्या पायथ्याशी गेलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा त्याच मोटारीपाशी परतावे लागते. एसटीने गेलेल्याला हे बंधन नसते. तो एका खोऱ्यातून चढतो, डोंगर ओलांडतो आणि दुसऱ्या खोऱ्यात उतरून तिथल्या आगाराची गाडी पकडतो. सह्याद्रीतील अनेक जुन्या वाटा मुळात अशाच, घाटमाथ्यावरून कोकणात किंवा एका नदीच्या खोऱ्यातून दुसरीच्या खोऱ्यात जाणाऱ्या आहेत. त्या पूर्ण चालायच्या असतील, तर सार्वजनिक वाहन ही गरिबाची तडजोड राहत नाही, तर सोयीचे साधन ठरते.

महाराष्ट्रातील अनेक मोठी धरणे सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, नद्यांच्या उगमाजवळ आहेत. त्यामुळे एका बाजूला जलाशय, दुसऱ्या बाजूला अभयारण्याचे दाट जंगल आणि मधून जाणारी पायवाट असे चित्र ठिकठिकाणी दिसते. धरणाबरोबर रस्ता आला आणि रस्त्याबरोबर एसटी आली. पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर १ जून १९४८ रोजी पहिली गाडी धावल्यानंतर काही दशकांत 'रस्ता तेथे एसटी' हे वाक्य डोंगरातल्या गावांपर्यंत पोहोचले. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्या उरलेल्या वाड्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारी गाडीही बहुतेक ठिकाणी हीच आहे. भटक्यांच्या कित्येक पिढ्या याच गाडीने, गावकऱ्यांच्या शेजारी बसून, पायथ्याशी उतरत आल्या आहेत.

जलाशय आणि जंगल या दोहोंचा सहवास देणाऱ्या आणि सार्वजनिक वाहनाने गाठता येणाऱ्या अशा काही निवडक वाटांची ही माहिती.

बोरिवली आणि येऊर : महानगराच्या कुशीतले रान

नवख्या भटक्याने सुरुवात करण्यासाठी बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान उत्तम. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई आणि ठाणे या दोन शहरांच्या मधोमध पसरले आहे. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरून चालत किंवा बेस्टच्या बसने प्रवेशद्वार गाठता येते. तिथून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता दाट झाडीतून जातो. शंभराहून अधिक लेण्यांचा हा समूह पाहताना प्रत्येक लेण्याजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि पन्हळी जरूर पाहाव्यात. पावसाचे पाणी साठवण्याची ही व्यवस्था भिक्षूंनी दोन हजार वर्षांपूर्वी सुरू केली. एकोणिसाव्या शतकात त्याच डोंगररांगेतले पाणी अडवून मुंबईसाठी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव बांधण्यात आले.

हे दोन्ही तलाव पिण्याच्या पाण्याचे असल्याने त्यांच्या काठावर सर्वसामान्यांना मुक्त प्रवेश नाही. कान्हेरीच्या वरच्या अंगाला चढून गेल्यावर झाडीच्या पलीकडचे पाणी लांबून पाहता येते. शिलोंढ्यासारख्या उद्यानातील आतल्या वाटांवर वन विभागाची परवानगी घेऊन आणि सोबत मार्गदर्शक असेल तरच जाता येते. सोमवारी उद्यान बंद असते.

याच जंगलाची पूर्वेकडील बाजू म्हणजे ठाण्याचे येऊर. ठाणे स्थानकावरून ठाणे परिवहन सेवेची बस थेट येऊर गावापर्यंत जाते. पायथ्याच्या उपवन तलावापाशी उतरून चढाचा रस्ता पायी चालणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही बाजूंना बिबट्याचा वावर असल्याने पहाटेच्या अंधारात आणि दिवेलागणीनंतर वाटेवर असू नये, हा इथला पहिला नियम.

मळवली ते दुधिवरे खिंड : लोकलने चढ, एसटीने परती

पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्थानकावर उतरावे. भाजे गावावरून इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून खोदल्या गेलेल्या लेण्यांचा रस्ता फुटतो. लेणी पाहून गायमुख खिंडीकडे चढायला लागावे. खिंडीच्या एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड. लोहगडवाडीतून पायऱ्यांच्या वाटेने एकामागून एक चार दरवाजे ओलांडून गडावर पोहोचले, की दक्षिणेला पवना धरणाचा जलाशय आणि त्याच्या काठावर उभे असलेले तुंग आणि तिकोना हे दोन किल्ले नजरेत भरतात. 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत लोहगडाचा समावेश आहे.

बहुतेक पर्यटक आल्या वाटेने मळवलीला परततात. एसटीवर भिस्त ठेवणाऱ्याला दक्षिणेकडे दुधिवरे खिंडीत उतरता येते. ही खिंड लोणावळा ते पवनानगर या रस्त्यावर आहे. तिथून लोणावळ्याकडे किंवा पवनानगरमार्गे कामशेतकडे गाडी मिळते आणि दोन्ही ठिकाणी रेल्वे स्थानक आहे. ज्यांच्याकडे दुसरा दिवस आहे, त्यांनी पवनानगरच्या बाजूने तिकोना पेठ गाठून तिकोन्याची सोपी चढण करावी. पिंपरी-चिंचवड शहराचे पाणी या जलाशयातून जाते, याचे भान काठावर तंबू ठोकणाऱ्या अनेकांना राहत नाही.

ताम्हिणी ते भिरा : पाण्याच्या सोबतीने उतरण

मुळशीचा जलाशय आणि कोकणातले भिरा गाव यांच्यात सह्याद्रीची भिंत उभी आहे. मुळशीचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून ही भिंत उतरते आणि भिऱ्याच्या वीजकेंद्रात जाते. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. या प्रकल्पासाठी जमीन गमावणाऱ्या मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात केलेला मुळशी सत्याग्रह धरणग्रस्तांच्या लढ्यांत अग्रणी मानला जातो. पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे कोकणात जाणारी एसटी याच जलाशयाच्या कडेने तासभर धावते. खिडकीतून दिसणाऱ्या निळ्या पाण्याखाली कोणाची तरी भातखाचरे आहेत, हे माहीत असलेला प्रवासी वेगळ्या नजरेने बाहेर पाहतो.

घाट सुरू होण्याआधी लोणावळ्याकडे फुटणाऱ्या रस्त्याने काही किलोमीटर चालून पिंपरी गावाजवळच्या छोट्या जलाशयापाशी यावे. तिथून सुरू होणारी वाट म्हणजे अंधारबन. नावाप्रमाणेच भर दुपारीही ऊन जमिनीपर्यंत पोहोचू न देणारे हे सदाहरित जंगल आहे. कड्याच्या कडेने जाणारी वाट ओढे ओलांडत हिर्डी गावाच्या पठारावर येते आणि तिथून कोकणाकडे उतरत भिऱ्याच्या धरणापाशी संपते. एकूण चाल सुमारे १३ किलोमीटरची आहे. भिऱ्याहून कोलाड, रोहा किंवा माणगावच्या दिशेने एसटी पकडून कोकण रेल्वे गाठता येते.

ही वाट एकाच दिशेने चालण्याची असल्याने मोटार घेऊन येणाऱ्यांना भिऱ्यात दुसऱ्या वाहनाची सोय करावी लागते. एसटीच्या प्रवाशाला ती गरज नाही. मात्र हा भाग अभयारण्यात मोडतो आणि मुसळधार पावसाच्या दिवसांत प्रवेश बंद ठेवला जातो. भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याबाबतही हीच काळजी घ्यावी. तिथल्या डोहाने अनेकांचे बळी घेतले आहेत.

खुबी फाटा ते पाचनई : हरिश्चंद्रगडाची पूर्ण वाट

हरिश्चंद्रगड (उंची १,४२४ मीटर) एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरावा, असे जुने भटके सांगतात. कल्याणहून माळशेज घाटमार्गे आळेफाटा, अहिल्यानगरकडे जाणाऱ्या एसटीने घाट संपताच खुबी फाट्यावर उतरावे. इथून खिरेश्वरपर्यंतचा सुमारे पाच किलोमीटरचा रस्ता पिंपळगाव जोगा धरणाच्या मातीच्या बांधावरून आणि जलाशयाच्या कडेने जातो. पावसाळ्यात या पाणथळीवर रोहित पक्ष्यांचे थवे येतात. त्यांना पाहण्यासाठी दुर्बीण जवळ ठेवावी आणि पाण्याकडे उतरून त्यांना उठवू नये.

खिरेश्वराच्या नागेश्वर मंदिराचे छत आणि त्यावरील शिल्पपट पाहण्यासारखे आहेत. पुढे तोलार खिंडीपर्यंत दीड-दोन तासांची चढण आहे. खिंडीनंतर कातळाचा टप्पा येतो. तिथे आधारासाठी लोखंडी कठडे बसवले आहेत. त्यावर चढले, की टेकड्यांमागून टेकड्या आणि मध्ये कारवी व इतर झाडी असा लांबलचक पट्टा सुरू होतो. धुक्यात वाट चुकण्याचे प्रकार घडतात ते याच पट्ट्यात. पाऊस आणि धुके असेल, तर खिरेश्वरातून गावकरी वाटाड्या घेणे शहाणपणाचे. खिरेश्वरपासून हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापर्यंत साधारण पाच ते सहा तास लागतात.

मंदिर, पुष्करणी, केदारेश्वराच्या गुहेतील पाण्यात उभे असलेले शिवलिंग आणि अंतर्वक्र कोकणकडा हे सारे पाहायला एक मुक्काम हवा. मुक्कामाविषयी वन विभाग आणि स्थानिक ग्रामस्थ यांच्याकडे आधी विचारणा करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचनईच्या वाटेने दोन तासांत खाली उतरता येते. पाचनईहून राजूरकडे जाणाऱ्या एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत, म्हणून त्यांची वेळ निघण्यापूर्वीच राजूरच्या स्थानकावर विचारून घ्यावी. राजूरहून अकोले, संगमनेर आणि घोटीमार्गे नाशिक या दिशांना जाता येते. कल्याणहून निघालेला माणूस अशा रीतीने ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमा ओलांडून बाहेर पडतो.

भंडारदरा : एका जलाशयाची प्रदक्षिणा

प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या मागे पसरलेल्या सुमारे ११ टीएमसी क्षमतेच्या आर्थर जलाशयावर प्रवरा खोऱ्यातील शेती उभी आहे. घोटीहून राजूर, अकोल्याकडे जाणारी एसटी बारी आणि शेंडी या दोन गावांवरून जाते. मुंबईहून येणाऱ्यांना इगतपुरीपर्यंत रेल्वे आणि पुढे घोटीमार्गे हा प्रवास सोयीचा पडतो.

बारीत उतरल्यास समोर राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) उभे असते. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या असल्याने ही चढाई नवख्यांनाही जमते. पण जलाशय आणि जंगल या दोहोंसाठी शेंडीला उतरून रतनवाडी गाठावी. जलाशयाच्या कडेने जाणारा सुमारे २० किलोमीटरचा रस्ता तिथे पोहोचतो. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि शेजारची पुष्करणी पाहून प्रवरेच्या पात्राच्या कडेने जंगलात शिरावे. शिड्यांच्या वाटेने रतनगडावर चढून माथ्यावरील नेढ्यात बसावे, जलाशय पाहावा आणि उतरताना त्र्यंबक दरवाजाने साम्रदकडे जावे. साम्रदहून घाटघरमार्गे शेंडीला परतणारा रस्ता आहे. अशा प्रकारे जलाशयाला जवळपास पूर्ण फेरा होतो. रतनवाडी आणि साम्रद या दोन्ही बाजूंना एसटीच्या फेऱ्या कमी आहेत. शेंडीतून जाणाऱ्या गावकऱ्यांच्या जीपचा आधार घ्यावा लागतो.

हा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत इथली हिरडा, बेहडा, सादडा यांची झाडे काजव्यांनी लखलखतात. त्या दिवसांत रात्री रस्त्यावर मोटारींची रांग लागते. काजव्यांचा प्रकाश हा नर-मादीतील संकेत असतो आणि मोटारींच्या दिव्यांत तो संकेत हरवतो. रात्रभर गावात मुक्काम करून अंधारात पायी फिरणारा पाहुणा काजव्यांना आणि गावाला दोघांनाही परवडतो.

सातारा ते वासोटा : कासवरून बामणोलीला

साताऱ्याच्या स्थानकावरून बामणोलीला जाणारी एसटी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावरून जाते. साताऱ्याला पाणी पुरवणारा कास तलाव सुमारे २५ किलोमीटरवर आहे. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले हे पठार सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलते. त्या काळात दररोजची प्रवेशसंख्या मर्यादित असते आणि आगाऊ नोंदणी करावी लागते. फुलांचा हंगाम संपल्यावर तलावाच्या काठची झाडी निवांत चालण्यासाठी अधिक सुखाची असते.

बामणोली हे कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावरचे गाव. एसटीचा रस्ता इथे संपतो आणि पुढचा प्रवास लाँचने. वन विभागाच्या परवान्याची पूर्तता करून तासा-दीड तासात मेट इंदवलीच्या काठाला उतरावे. तिथून वासोट्याची दोन-तीन तासांची चढण कोयना अभयारण्यातील घनदाट जंगलातून जाते. १९८५ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. किल्ल्यावर मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे सायंकाळपूर्वी लाँचपाशी परतणे अनिवार्य आहे. पावसाळ्यात ही वाट बंद असते.

लाँच साधारणपणे गटासाठी भाड्याने दिली जाते. एकट्या-दुकट्याने एसटीने येणाऱ्यांनी शनिवार-रविवार निवडल्यास दुसऱ्या गटात सामील होऊन खर्च वाटून घेता येतो. सकाळी साताऱ्याहून निघणाऱ्या गाडीने येऊन त्याच दिवशी किल्ला करणे धावपळीचे होते. आदल्या संध्याकाळी बामणोलीत पोहोचून मुक्काम केलेला बरा.

राधानगरी ते दाजीपूर : गव्यांच्या राज्यात

कोल्हापूरहून फोंडा घाटमार्गे कोकणात जाणाऱ्या एसटी गाड्या राधानगरी आणि दाजीपूर या दोन्ही ठिकाणांवरून जातात. भोगावती नदीवर राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधायला घेतलेल्या धरणाचा जलाशय 'लक्ष्मी तलाव' म्हणून ओळखला जातो. पाण्याची पातळी वाढताच विजेविना आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे आजही काम करतात. पावसाळ्यात 'राधानगरीचा दरवाजा उघडला' ही बातमी कोल्हापूरकर पंचगंगेच्या पातळीच्या काळजीने वाचतात.

जलाशयाच्या वरच्या अंगाला, छत्रपतींच्या शिकारीच्या जंगलात, १९५८ मध्ये गव्यांसाठी राखीव वन घोषित झाले. आज राधानगरी वन्यजीव अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. दाजीपूरच्या प्रवेशद्वारावर नोंद करून, वन विभागाने नेमून दिलेल्या वाटांवर आणि मार्गदर्शकासह फिरता येते. गवा एरवी माणसाला टाळतो, पण अंतर कमी झाले तर तो धावून येऊ शकतो. छायाचित्रासाठी जवळ जाण्याचा मोह इथे जीवघेणा ठरू शकतो. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद ठेवले जाते.

वेळापत्रकाचे उलटे गणित

एसटीने भटकणाऱ्याने नियोजन शेवटच्या गाडीपासून उलटे करावे. समजा उतरणीच्या गावातून अखेरची गाडी पाच वाजता आहे. मग साडेचारला थांब्यावर असले पाहिजे. उतरायला दोन तास लागत असतील आणि एक तास राखीव ठेवायचा असेल, तर दीड वाजता माथा सोडला पाहिजे. दीडपर्यंत माथा गाठता आला नाही, तर जिथे असू तिथून मागे फिरायचे. हे गणित जो पाळतो, तो सहसा अंधारात वाट शोधत नाही.

डोंगरातल्या गावांच्या गाड्या शाळा आणि आठवड्याचा बाजार यांच्या वेळांवर धावतात. त्यामुळे सोमवार ते शनिवार असलेली फेरी रविवारी नसण्याची शक्यता असते आणि दिवाळीच्या किंवा उन्हाळी सुट्टीत काही फेऱ्या बंद होतात. संकेतस्थळावरील वेळेवर विसंबण्यापेक्षा तालुक्याच्या आगारातील चौकशी खिडकी, गाडीचा वाहक आणि थांब्यावरचा चहावाला या तिघांना विचारावे. तिघांचे उत्तर जुळले, तर वेळ पक्की समजावी.

'मुक्कामी गाडी' ही भटक्यासाठी सर्वांत मोलाची. संध्याकाळी तालुक्याहून निघून ती डोंगरातल्या शेवटच्या गावात रात्री थांबते आणि भल्या सकाळी परत निघते. या गाडीने पायथ्याशी पोहोचून गावातच रात्र काढली, तर पहाटे चढायला सुरुवात करता येते. गाडी चुकलीच, तर पश्चिम महाराष्ट्रात 'वडाप' म्हणून ओळखली जाणारी जीप हा पर्याय असतो, पण अंधार पडल्यावर तिचीही खात्री नसते.

खर्चाच्या दृष्टीनेही एसटी सोयीची आहे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून भाड्यात ५० टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. एकाच दौऱ्यात अनेक ठिकाणे करायची असतील, तर 'आवडेल तेथे प्रवास' या योजनेतील चार किंवा सात दिवसांचा पास घ्यावा.

पाणी, पाऊस आणि मधमाश्या

जलाशयाचे पाणी शांत दिसते, म्हणून ते सुरक्षित नसते. धरणाच्या बुडीत क्षेत्रात जुन्या विहिरी, खाणी, झाडांचे बुंधे आणि घोट्यापासून कमरेपर्यंत रुतवणारा गाळ असतो. पट्टीचा पोहणाराही तिथे फसतो. धबधब्याच्या पात्रात तर वरच्या डोंगरावर झालेल्या पावसाचे पाणी काही मिनिटांत येते. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण अशाच लोंढ्यात वाहून गेले. त्यानंतर पावसाळ्यात अनेक धरणे आणि धबधब्यांच्या परिसरात जिल्हा प्रशासनाकडून मनाई आदेश काढले जातात. निघण्यापूर्वी त्या जिल्ह्यातील आदेश पाहून घ्यावेत.

जंगलात सुगंधी अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा. कड्यांवरील आग्या मोहोळ उठण्याची ती नेहमीची कारणे आहेत. फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेल्या गवतावर पडलेली विडी किंवा अर्धवट विझवलेली चूल अख्खा डोंगर जाळते. प्लास्टिकची बाटली जेवढ्या सहजतेने वर नेली जाते, तेवढ्याच सहजतेने ती रिकामी झाल्यावर खाली आणता येते. गावातील विहिरीवर किंवा टाक्यावर पाणी भरण्यापूर्वी विचारावे. धरणाला लागून असलेल्या अनेक वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते, ही तिथली कटू वस्तुस्थिती आहे.

विदर्भातील नवेगावबांधसारखे विस्तीर्ण तलावही रानाने वेढलेले आहेत. मात्र तिथले जंगल २०१३ पासून व्याघ्र प्रकल्पात असल्याने आत पायी फिरता येत नाही, वाहनानेच जावे लागते. एसटीने तिथे पोहोचणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावे.

भारमानाचा प्रश्न

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात शहरी माणसाने दुसरे वाहन शोधले. डोंगरातल्या विद्यार्थ्याला, बाळंतिणीला आणि बाजाराला निघालेल्या म्हातारीला तो पर्याय नव्हता. गाडी नसली म्हणजे काय होते, हे त्या महिन्यांनी दाखवून दिले.

एखादी फेरी चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवताना महामंडळ 'भारमान' पाहते. म्हणजे गाडीच्या क्षमतेच्या तुलनेत किती प्रवासी बसले. आडगावच्या फेऱ्यांचे भारमान मुळातच कमी असते. दर शनिवारी-रविवारी मोटारींचे ताफे रतनवाडीला, पाचनईला, बामणोलीला जातात, तेव्हा त्याच रस्त्यावरून एसटी अर्धी रिकामी धावत असते. उद्या ती फेरी बंद झाली, तर भटक्याची एक वाट कमी होईल. गावाची मात्र शाळा, दवाखाना आणि बाजार तुटेल.

म्हणून एसटीच्या तिकिटाला दुहेरी अर्थ आहे. ते भटक्याला डोंगर ओलांडण्याचे स्वातंत्र्य देते आणि ज्या गावांनी शहरांच्या पाण्यासाठी आपली खाचरे दिली, त्यांच्या गाडीत एका प्रवाशाची भर घालते. पाठीवरची पिशवी मांडीवर घ्यावी, बाजाराचे गाठोडे घेऊन चढणाऱ्याला जागा द्यावी आणि वाहकाकडून शेवटच्या थांब्याचे तिकीट मागून घ्यावे.